मोरीची कडी

वाशीला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या रहिमाभाभी दिवाळीत भावाच्या लग्नासाठी महाडला गेल्या आणि त्यांची मखमल माझ्याकडे आली. मखमल म्हणजे मांजरी, गाभण. मागच्या दिवाळीत फटाक्यांना भिऊन ती गॅलरीतून पडली आणि पोटातली पिल्लं गेली होती. म्हणून भाभींनी बजावलं होतं, लहानशा खोलीत ठेव, खिडकी झाकून घे, लपली तर ओढू नकोस, नुसती जवळ बस.

तशी खोली आमच्याकडे मोरीच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाहेरचं दार सताड उघडं. लक्ष्मी यायची असते. ते तेवढा वेळ लोटून घेऊ का, असं मी आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, विचारून पाहिलं. "मांजरापायी लक्ष्मीला माघारी धाडतीस व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या. मी मोरीत टोपली ठेवली आणि खिडकीच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा लावला.

माझा नेम असा, की समई लावली की आरती होईपर्यंत मौन. माहेरापासूनचा आहे, देवाने आजवर सांभाळून घेतला. त्या दिवशी समई लावली, लाह्या-बत्तासे मांडले आणि खाली फटाक्यांची पहिली माळ लागली. मी मोरीत जाऊन दार लोटलं. मखमल बिथरू नये म्हणून दिवाही लावला नाही.

थोड्या वेळानं बाहेरून कडी पडली.

येणाऱ्या लक्ष्मीला मोरी दिसू नये, अशी आत्यांची रीत. मी आत आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हाक मारावी तर मौन. दार वाजवावं तर मखमल आधीच थरथरत होती. आरती झाली की बोलता आलं असतं, पण आमच्या घरात आरती मीच करते. बाहेर आत्या कुलदीपला, माझ्या यजमानांना, सांगत होत्या, "फराळाचं ताट द्यायला गेली असंल खाली. गप्पा मारत बसली असंल."

"ती? अन् गप्पा?" हे हसले. "आई, तिची समई लागलीया."

मग मार्केटातल्या व्यापाऱ्यांची लांबलचक माळ पेटली. मखमल टोपलीतून उसळली, माझ्या खांद्यावरून खिडकीवर गेली. पुठ्ठा फाटला. एक काचपट्टी आधीपासूनच नव्हती. त्या फटीत तिने डोकं घातलं, पुढचे पाय घातले. पोट अडकलं. खाली तीन मजले. ओढावं तर पोटाला काच लागेल, सोडावं तर जाईल.

मी देवाचं नाव घेतलं. मनात नाही, तोंडाने. मग तिचं.

"मखू, ये बाई. ये माघारी."

एकदा, दोनदा, हळू. सुतळी बॉम्ब वाजत होते, तरी मी बोलतच राहिले. तिने अंग सैल सोडलं आणि एकेक पाय आत घेत माझ्या ओटीत येऊन पडली. पोटात पिल्लं हलत होती.

माझा आवाज ऐकू गेला असावा, कडी निघाली. उजेडात आत्या उभ्या होत्या. "अगं माझ्या बाई, कोंडली तुला मी. अन् इतका वेळ मुकाट बसलीस? आता बोललीस, नेम मोडला का काय?"

"मोडला."

त्यांनी मांजरीकडे पाहिलं, पाठीमागच्या सताड उघड्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यात जिन्यात बार उडाला आणि मखमलने माझ्या दंडात नखं रोवली.

"आत्या, कडी लावा परत. आरती तुमी करा."

त्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, "खिडकीला पाठ लावून बस," आणि बाहेरून कडी घातली. मी खिडकीला पाठ लावून बसले. पलीकडून आत्यांचा चिरका आवाज येऊ लागला, एक कडवं गाळूनच पुढे गेल्या. मखमल नखं सोडत नव्हती. बाहेर दुसरी माळ लागली.