तोकुजींचा तीन नंबरचा पेचकस

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो लाकडी मुठीचा, तीन नंबरचा एक जुना पेचकस. माझी मूठ तेलाने काळी पडली आहे. टोक मात्र अजून शाबूत आहे.

ओसाकाच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. माझी पोलादी दांडी मुठीतून आरपार जाते, म्हणून मागून हातोडीचा ठोका बसला तरी मी फुटत नाही. माझं टोक चौफुलीच्या आकाराचं आहे. परदेशी पेचकसाचंही टोक लांबून तसंच दिसतं, पण ते आमच्या मोटारसायकलींच्या स्क्रूत पुरतं बसत नाही. जोर लावला की वर उसळतं आणि स्क्रूची खाच खाऊन टाकतं. आमच्याकडच्या बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो. तो दिसला की माझी आठवण व्हावी, एवढीच माझी अपेक्षा.

मला विकत घेतलं तोकुजी तेराओकांनी. हामाना सरोवराच्या काठी, माइसाकाला त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस मोठा तोंडाळ! कुणी गिऱ्हाईक घरी खटपट करून, स्क्रूची वाट लावून आलं की त्याची धडगत नसे.

"हे कशाने उघडत होतास रे? भात खायच्या काड्यांनी?"

"नवा पेचकस आहे, तेराओकासान. चांगला चकचकीत."

"मग काचेच्या कपाटात ठेव त्याला. स्क्रूजवळ कशाला आणतोस?"

मग ते खाचेतला गंज टोकरून काढत, तेलाचे थेंब सोडत आणि चहा पिऊन येत. घाई अशी नाहीच. परत आले की मला सरळ उभं धरत, मागून हातोडीचे दोन ठोके देत आणि सगळा भार माझ्यावर टाकत. "आधी दाबायचं, मग फिरवायचं," असं पुटपुटत मनगट वळवत. वर्षानुवर्षं अडून बसलेला स्क्रू 'कट्' करून सुटे. त्या आवाजासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

दुकानामागे त्यांची स्वतःची एक लाल मोटारसायकल होती. लग्न ठरलं तेव्हा सावाबाईंना मागे बसवून त्यांनी तिच्यावरून सरोवराला फेरी मारली होती. "अर्धा रस्ता तर हे गाडीशीच बोलत होते," असं सावाबाई पुढे आयुष्यभर ऐकवत राहिल्या.

वय झालं, दुकान बंद झालं. लाल गाडीवर चादर पडली आणि मी टेबलाच्या खणात गेलो. मग एका हिवाळ्यात तोकुजींना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. दुकानभर घुमणारा तो आवाज घशातल्या घशात अडकला. पुढे त्यांची तब्येत खालावत गेली. डॉक्टरांनी सावाबाईंना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण परत आल्यावर त्या मुलीला म्हणाल्या, "चिहारू, तुझ्या बाबांना त्यांच्या गाडीचा आवाज एकदा ऐकवायचाय गं. लवकर."

चिहारूचा नवरा केइगो मनाने फार चांगला. सुट्टी काढून आला, येताना हत्यारांची कोरी पेटी घेऊन आला. गाडीची ठिणगी पडत नव्हती. त्यासाठी इंजिनाचं डावं झाकण उघडायला हवं होतं. तोकुजींना खुर्चीत बसवून समोर आणलं. केइगोने पेटीतला एक झगमगता पेचकस काढून पहिल्या स्क्रूला लावला.

खणातून मला तो आवाज ऐकू आला. कर्र... कर्र... टोक उसळत होतं.

तोकुजींनी डावा हात उचलला आणि खणाकडे दाखवला. "अं... अं..."

खणाच्या वर, टेबलावर संत्र्यांची टोपली होती. सावाबाई लगबगीने उठल्या. "संत्रं हवंय? अहो, थांबा, सोलून देते."

तोकुजींनी मान जोरात हलवली.

"आंबट नाहीये हो! कालच खाल्लंत की."

सावाबाईंनी फोड त्यांच्या तोंडात घातली. तोकुजींनी ती गिळली नाही. हात पुन्हा खणाकडे गेला. सावाबाईंनी दुसरी फोड पुढे केली. मित्रांनो, मी एका फळीच्या अंतरावर पडलो होतो. मला ना हाक मारता येत होती, ना हलता येत होतं.

"खाचच राहिली नाही," केइगो घाम पुसत म्हणाला. "छिन्नीने तोडतो. बाबा, काळजी करू नका हं, आज सुरू करतोच."

"बाबा रडताहेत," चिहारू म्हणाली.

"आनंदाने गं," सावाबाई म्हणाल्या.

छिन्नी सटकली. झाकण तडकलं आणि छिन्नी आतल्या ठिणगीच्या कॉइलमध्ये घुसली. तारांचा बारीक गुंता बाहेर आला. सावाबाईंनी तोकुजींचं तोंड पुसायला फडकं शोधत खण ओढला, आणि तोकुजींच्या घशातून असा आवाज निघाला की त्या जागच्या जागी थांबल्या. त्यांनी मला बाहेर काढलं.

"हा? एवढा वेळ हा मागत होतात?"

तोकुजींनी डोळे मिटले.

सावाबाईंच्या हातातली सालं खाली पडली. केइगो जमिनीवरच बसला. "बाबा, मी तुमच्याकडे वळून बघायला हवं होतं."

मग त्याने मला घेतलं. तडकलेल्या झाकणाचे बाकीचे स्क्रू अजून धड होते. खुर्ची गाडीला भिडवली, मला सरळ धरलं, तोकुजींचा डावा तळवा माझ्या मुठीवर ठेवला आणि वर स्वतःचा. ठोके दिले. तोकुजींनी त्याचा हात दाबला, म्हणजे थांब, आधी भार टाक. मग दोघांनी मिळून फिरवलं. 'कट्'. तोकुजी हसले, अर्ध्याच चेहऱ्याने. पण कॉइल गेली होती ती गेलीच.

तशी कॉइल आता बनत नाही. केइगोने कितीतरी जुनी दुकानं पालथी घातली, शेवटी तोयोहाशीच्या एका गॅरेजमध्ये ती मिळाली. तोवर अंगणातला प्लमचा बहर ओसरला होता आणि तोकुजी गेले होते.

केइगोने ती माझ्याच मदतीने बसवली. "आई, चालू करू?" त्याने भीतभीत विचारलं.

"कर," सावाबाई म्हणाल्या. "मला सांगायचंय त्यांना, कशी वाजली ते."

गाडी सुरू झाली. धूर ओकला, खोकली आणि मग एका लयीत चालू लागली. सावाबाई पायरीवर बसून ऐकत राहिल्या. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत कुणीही ती बंद केली नाही.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. अडलेल्या स्क्रूवर जोर लावण्याआधी त्याची खाच नीट पाहा, तिच्यात पुरतं बसेल असं हत्यार निवडा, आणि घाई करू नका. आणि घरात कुणाला बोलता येत नसेल, तर त्याच्या तोंडात संत्र्याची फोड घालण्याआधी, त्याचा हात कुठे वळला आहे ते उठून बघा. खण उघडायला क्षणभरच लागतो.