उशीर होईल, जेवून घे

टाळूला लावलेली जीभ अलगद सोडली की 'च्च' असा जो आवाज होतो, तो अमारो सिल्वेराने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो जेमतेम विशीतला होता. दूर महासागरातल्या पिको बेटावरच्या त्यांच्या गावात, विहिरीपाशी, त्याने देओलिंदाला पाहून कुणाकडून तरी पाठ केलेलं गोडगोड बोलून दाखवलं होतं, आणि तिने घागर भरता भरता, मान वरही न करता, तो आवाज केला होता. पुढे दोघं अमेरिकेत आली, न्यू बेडफर्डच्या धक्क्याजवळ लाकडी घरात त्यांचा उभा संसार झाला, पण बोलण्यात जरा तोंडदेखलेपणा आला की देओलिंदाचं 'च्च' ठरलेलं.

फेब्रुवारीत ती गेली. आता तिच्या कबरीच्या दगडावर एक ओळ कोरायची होती, आणि ती इंग्रजीत हवी होती, कारण नातवंडांना दुसरं काही वाचता येत नव्हतं. शिवणकामाच्या कारखान्यात काम करून देओलिंदाचं इंग्रजी पक्कं झालं होतं. अमारो जे काही लिही ते आधी तिच्या नजरेखालून जाई. नेमकी हीच ओळ तिला दाखवता येणार नव्हती.

ओळ त्याची त्यालाच सुचली होती. शिंपले पकडणाऱ्या बोटीवर कामाला असताना तो बिनतारी यंत्रावरून घरी निरोप देई: मला उशीर होईल, तू जेवून घे. कप्तानाला परकी भाषा खपत नसे, म्हणून इंग्रजीत. देओलिंदा मात्र खुशाल बेटाच्या बोलीत उत्तर देई. तिला कोण अडवणार?

"बाबा, कबर आहे ती, स्वयंपाकघर नाही," लुसिलिया, त्याची मुलगी, सकाळी कॉफी ओतताना म्हणाली होती. "लोक हसतील."

"हसू देत."

"आणि इंग्रजी चुकलं तर? दगडावर खोडरबर चालत नाही."

हे मात्र त्याला लागलं. पाथरवट दुसऱ्या दिवशी छिन्नी लावणार होता, आणि चुकलेल्या, परक्या वाटणाऱ्या शब्दांखाली देओलिंदाने कायमचं पडून राहावं, ही कल्पनाच त्याला सहन होईना. लुसिलियाने लिहून दिलेली स्वर्गीय विश्रांतीची ओळ आणि स्वतःची ओळ, असे दोन्ही कागद खिशात घालून तो शहरातल्या वाचनालयात गेला. तिथे हेस्टर लव्हरिंग नावाच्या निवृत्त शिक्षिका खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लोकांचं इंग्रजी तपासून देत.

"डोळ्याला सगळंच बरोबर दिसतं हो," चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "बरोबर असणं वेगळं आणि माणसाच्या तोंडचं वाटणं वेगळं. मी मोठ्याने वाचते. ऐकणाऱ्याला उत्तर द्यावंसं वाटलं, की समजायचं वाक्य जिवंत आहे."

त्यांनी आधी लुसिलियाची ओळ वाचली.

नकाशांच्या कपाटाकडून आवाज आला: च्च.

"घ्या! कुणाला तरी पटलं नाही," हेस्टरबाई हसल्या.

अमारोचे हात टेबलावर होते तसेच राहिले. भिंतीलगतचा लोखंडी हीटर तापताना असा आवाज करतो, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि मागे वळून पाहिलं नाही.

"दुसरी वाचा," तो म्हणाला.

त्यांनी वाचली, अगदी सावकाश. मग त्याच बाजूने एका बाईचा आवाज आला, आतल्या खोलीतून काम करता करता कुणी विचारावं तसा, साधा, थोडा घाईतला.

"काय म्हणाल्या त्या?" हेस्टरबाईंनी विचारलं. "तुमची भाषा दिसतेय. काहीतरी विचारलं, एवढं कळलं मला."

"किती उशीर," अमारो म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "किती उशीर, असं विचारते आहे."

"झालं तर मग!" बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला. "एक अक्षर बदलू नका. बेलाशक कोरून घ्या."

त्याने दीर्घ श्वास घेतला. फेब्रुवारीपासून छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी हलकेच उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. ओळ बरोबर होती, आपली होती, आणि पोचली होती. त्याचे डोळे भरून आले आणि त्याचंच त्याला हसूही आलं.

"अहो," हेस्टरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या अजून थांबल्यात. उत्तर द्या ना."

तेव्हा कुठे तो वळला. कपाटाशी पाठमोरी एक बाई उभी होती. निळा स्वेटर, कोपराला अडकवलेली पिशवी. ऐकू यावं म्हणून मान जराशी कललेली. अमारोने आपल्या सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते शोधायला त्याला फार वेळ लागला नाही.

"फार नाही," तो बेटाच्या बोलीत म्हणाला.

बाईने पिशवी दुसऱ्या हातावर घेतली, आणि ती दाराकडे चालू लागली.