फाटकावरचा स्टूल

त्र्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमंदी माह्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. रेचा म्हंजे कापसातून सरकी काढनारी मशीन. कापूस टाकता टाकता बाही अडकली, अन् मशीननं बोटात अन् कापसात काई फरक नाई केला.

मालक भैय्याजी मनानं वाईट नोयते. त्यायनं फाटकाजवळ स्टूल टाकला. "दादाराव, आता बस आरामात. कोन आला, कोन गेला, पाय. तुले कोनी काई म्हननार नाई."

थेच तर झालं ना बावा! कोनी काईच म्हनेना. बाया डबा उघडून पहिले मले चटनी देत. पोट्टे बिडी पेटवून तोंडात देत. घरी बायको, इंदू, पायजम्याची नाडी बांधून दे. हात खिशात, बूड स्टुलावर, अन् मांगं दिवसभर त्याच रेच्याचा खडखडाट. जेलमंदी तरी सुटायची तारीख असते.

एक दिवस नाडी बांधता बांधता इंदू म्हने, "सौसरले सरकारी ट्रेनिंग निघाली म्हनते. विजेच्या जळल्या मोटारी भरनं शिकवून राहिले."

"दोन बोटं कमी असल्यावर कोन मोटार भरते?"

"मंग बांधून घ्या नाडी जिंदगीभर. मी मेल्यावर काय पोलिसाले बोलावसान?"

गेलो.

तिथं केशवराव मास्तर शिकवत. मोटारीतली जळली तार उपटायची, नवी तांब्याची तार बसवायची, अन् वरून सुतानं आवळून बांधायची. माही गाठच बसेना. हात खिशात घालून कोपऱ्यात उभा राहिलो.

मास्तर म्हने, "काहून रे, खिशात मोटार आहे का?"

पोट्टे हासले. मी हात काढून दाखवला. वाटलं, आता हाबी म्हनन, बस बावा आरामात.

"दात आहेत ना?" थो म्हने. "सुताचं टोक दातात धर अन् वढ. जेवाच्या टायमाले बरे आठवतात दात!"

होता होता गाठ बसाले लागली. नाडीले काई दात पोचत नाई, तं अंगठ्यात अन् करंगळीत धरून तेबी जमवलं. इंदूनं गाठ वढून पायली. "पक्की आहे," म्हने, अन् चुलीकडं तोंड करून बसली.

ट्रेनिंग सरली. पन काम कोन देते? दुकानदार माहा हात पाहे अन् चहा सांगे. चहा पिऊन पिऊन पित्त झालं. फिरून स्टुलावर येऊन बसलो.

मंग ऐन हंगामात जिनिंगची मोटार जळली. सारं चूप. बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची लाईन. नागपूरचा मिस्त्री भाच्याच्या लग्नात. भैय्याजी फाटकावर आले. "दादाराव, तू थे शिकला होता ना?"

दारापोतूर गेलो, पुढं पाय उचलेना. माह्या जाग्यावर आता जयवंताबाई कापूस टाके. थे म्हने, "या ना भाऊ! बंद पडली आहे, चावत नाई."

बंद होती, थेच तर. चालू तं मीच करनार होतो.

दातानं गाठी मारत भरली मोटार. वार्निश वाळलं, पट्टा चढवला. सारे आपापल्या रेच्यापाशी गेले. भैय्याजी म्हने, "दाब!" डावा हात बटनावर ठेवला, अन् पायतो तं काय, जयवंताबाईचा हात रेच्याच्या तोंडात! जुना कापूस उपसून राहिली होती.

"हात दाखवा!" मी वरडलो. "सारे! वर! दिसल्याबिगर चालू करत नाई!"

"अरे, बंड्या उभ्या आहेत!" भैय्याजी तापले.

"उभ्या राहू द्या."

एकेक हात वर आला. जयवंताबाई म्हने, "अन् तुमचा वो?"

माहा उजवा खिशातच होता. काढला. वर केला. सारे पाहून राहिले. या खेपी चटनी कोनी नाई दिली.

बटन दाबलं. खडखडाट उठला.

भैय्याजी खूश. "उद्यापासून आत, मोटारीपाशीच बस."

आत म्हंजे त्याच खडखडाटाच्या पोटात. हाव म्हनलं. दुसरं काम होतं कुठं? सांजच्याले फाटकावरचा स्टूल उचलून आत आनला.

"राहू दे ना तिथंच," भैय्याजी म्हने.

"नाई मालक," म्हनलं. "तिथं मोकळा राहिला तं थो आनखी कोनाच्या बोटांची वाट पाहत बसन."