कनिष्ठेच्या कोठीवरचा होला

मागच्या पडवीत कनिष्ठेच्या कोठीवर होल्याने घरटे केले आहे, हे प्रमोदिनीबाईंच्या लक्षात आले तेव्हा महालक्ष्म्या यायला जेमतेम आठवडा उरला होता आणि त्यांची मोठी नणंद बेबीताई नागपूरहून निघण्याच्या तयारीत होती.

चूक त्यांची स्वतःचीच होती. कोठ्या म्हणजे कमरेएवढी उंच, पत्र्याची दोन नळकांडी. त्यांच्यावर मुखवटे ठेवायचे, साड्या नेसवायच्या आणि ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करायच्या. एरवी गणपती बसल्यावरच त्या माळ्यावरून निघत. पण नवरा, भय्यासाहेब, गेल्यामुळे मागच्या वर्षी घरात सण झाला नव्हता. यंदा प्रमोदिनीबाईंना धीर धरवेना. ऐन श्रावणात त्यांनी कोठ्या उतरवल्या, घासल्या, पडवीत वाळत घातल्या आणि आत ओल जाऊ नये म्हणून तोंडांवर ताटल्या ठेवल्या. मग झड लागली, गुडघे धरले आणि पडवीकडे फिरकणे राहून गेले. होल्याला काठाची ताटली मिळाली, एवढे पुरे झाले. चार काड्या आडव्यातिडव्या टाकून त्याने संसार थाटला. आता त्यात पिवळसर लव असलेली, डोळेही न उघडलेली दोन पिल्ले होती.

बेबीताईंनी फोनवर आधीच बजावले होते की एक वर्ष खंड पडला तो पडला, पण यंदा काही उणेअधिक झाले तर महालक्ष्म्या नागपूरला न्यायच्या. जबलपुरात आता कोण करणार? प्रमोदिनीचे गुडघे गेलेले, आणि सुनेला मराठी समजते तेवढे बोलता येत नाही. भय्यासाहेबांमागे या घराच्या वर्षाला धरून ठेवणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती, हे फोनवर कसे सांगणार?

"आई, प्लेटच उचलून उधर शेल्फवर ठेवू ना?" सून मेघना म्हणाली. "दोन हात तर दूर आहे."

प्रमोदिनीबाईंनी मान हलवली. सकाळचा चहा भय्यासाहेब याच पडवीत घेत आणि अंगणात घडलेले सारे वर्तमानपत्र वाचावे तशा सुरात सांगत. सातभाई पक्षी स्कूटरच्या आरशाशी भांडले. लांब शेपटीच्या टकाचोराने अंगाच्या साबणाची वडी पळवली. मुंगशीण चार पिल्ले घेऊन रांगेने शेजाऱ्यांकडे गेली. एकदा शिडीवर होल्याचे घरटे होते आणि शिडी तर हवी होती. त्यांनी घरटे अलगद उचलून शेजारच्या खिडकीत ठेवले. पक्षी परतला तो थेट शिडीवर. अंडी हातभर अंतरावर दिसत असताना तो दिवसभर रिकाम्या पायरीवर बसून राहिला. त्या रात्री भय्यासाहेब अर्ध्या ताटावरून उठले होते.

आवाहनाच्या आदल्या दिवशी बेबीताई आल्या. तिलवाऱ्याच्या पुलावर गाडी थांबवून त्यांनी नर्मदेला नमस्कार केला होता, घरी येऊन देवाला केला, आणि पाणी पिण्याआधीच मधल्या खोलीत शिरल्या. तिथे एकटी ज्येष्ठेची कोठी उभी होती.

"दुसरी कुठं आहे?"

"मागे. तिच्यावर पिल्लं आहेत होल्याची."

"मग उतरवून ठेव ना त्यांना. काहून नाही उतरवली?"

प्रमोदिनीबाईंनी शिडीची हकीकत सांगितली. बेबीताईंच्या कपाळावरची आठी गेली नाही. आपल्या आईच्या हातच्या कोठ्या सोडून भलत्याच कशावर देवी उभी करायची, हे त्यांना पटणारे नव्हते. त्या बराच वेळ बोलत राहिल्या. प्रमोदिनीबाईंनी त्यांना बोलू दिले.

"ताई, मी कनिष्ठेला गव्हाच्या पिंपावर उभी करीन," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला चालत नसेल तर दोघींना घेऊन जा नागपूरला. मी आडवी येणार नाही. पण ती ताटली हलणार नाही."



बेबीताई पडवीत गेल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. चहा तिथेच मागितला. होला आला, कोठीच्या कडेवर टेकला, आणि एका पिल्लाने आपली चोच पार त्याच्या घशात खुपसली.

"हे काय करून राहिलं गं?"

"दूध पितंय. यांच्या गळ्यात दुधासारखं काहीतरी तयार होतं. बापही पाजतो, म्हणायचे हे."

"बापही?" बेबीताई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी कधी वाटीभर वरण नाही भरवलं पोराला."

दारात उभी असलेली मेघना हसली. बेबीताईही हसल्या. मग चहाचा कप मांडीवर धरून त्या पडवीलगतच्या खोलीकडे पाहत राहिल्या.

"आमचा देवदत्त या खोलीत झाला," त्या म्हणाल्या. "महालक्ष्म्यांच्या ऐन आदल्या रात्री. भाज्या आणलेल्या, पुरणाची डाळ निवडलेली. अन् घरात सोयर. आईनं मुखवटे पुन्हा पेटीत ठेवले. मी रडून राहिली होती की माझ्यापायी तुझा सण गेला. तर म्हणे, वेडी आहेस का? माहेरी बाळंतीण आली तर तिला उठवत असतात का कोणी?"

एवढ्या वर्षांत ही गोष्ट प्रमोदिनीबाईंच्या कानावर कधी आली नव्हती. म्हणजे खंड त्याही वेळी पडला होता, आणि खुद्द सासूबाईंच्या हातून. बेबीताईंच्याही ते ध्यानात आले असावे, कारण त्यांनी कप ठेवला आणि पिंप दाखव म्हणाल्या.

पिंप कोठीपेक्षा चांगले वीतभर उंच निघाले. धाकटी थोरलीच्या वर जाईल हे बेबीताईंना मुळीच मंजूर नव्हते. मेघनाने घरातले पाट शोधून आणले आणि ज्येष्ठेच्या कोठीखाली एकावर एक रचले. बेबीताईंनी डोळा बारीक करून दोन्ही तोंडे एका रेषेत येईपर्यंत तिला सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी साड्या नेसवताना कनिष्ठेच्या निऱ्या पिंपाच्या फुगीर पोटावर बसेनात. प्रमोदिनीबाई निऱ्या धरून होत्या आणि बेबीताई तोंडात टाचण्या घेऊन खाली वाकल्या होत्या.

"नागपूरच्या फ्लॅटमधी," टाचणी काढून त्या म्हणाल्या, "या दोघी उभ्या राहतील एवढी जागा तरी कुठं आहे? घट्ट धर, सुटून राहिली निरी."

प्रमोदिनीबाईंनी निरी घट्ट धरली.