कोरी गाडी

अन्नपूर्णाला वाघाने मारले त्याला दोन वर्षे झाली होती, आणि तिच्या पैशांतून गाडी नवी घ्यायची की जुनी, यावर घरात आठ दिवस डोकेफोड चालली होती. 'तिच्या पैशांतून' असे म्हणायची कोणाला लाजही वाटत नव्हती. शेजाऱ्यांनी विचारले, की हेमराज खुशाल सांगे, "आईचे पैसे आहेत ना." जणू त्याची आई कुठल्या कचेरीत साहेबीण होती आणि मुलासाठी फंड मागे ठेवून निवृत्त झाली होती.

बाई मोहफुले वेचायला गेली होती, बस. कुरखेड्याकडच्या त्या गावात प्रत्येक घराचे मोहाचे झाड ठरलेले. फुले पहाटे गळतात, म्हणून उजाडायच्या आत टोपली घेऊन निघायचे आणि झाडाखाली ओणवे होऊन वेचत राहायचे. ओणवा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो म्हणतात. अन्नपूर्णा ओणवी होती, पाठ जंगलाकडे होती. तिच्या तेरवीला हेमराजने ती टोपली उचलून माळ्यावर फेकली आणि चार लोकांसमोर सांगितले, "आता या घरचं कोनी त्या झाडाखाली जाणार नाई." ऐकून सगळे रडले. मनसाराम सगळ्यांत जास्त रडला. बायको गेली, पण आपल्या जिवाची काळजी करणारा मुलगा आहे, असे त्या वेळी त्या भाबड्याला वाटले.

वाघाच्या हल्ल्याबद्दल सरकारने दिलेल्या नुकसानभरपाईची एक ठेव मनसारामच्या नावावर होती. ती मोडून गाडी घ्यायची ठरली. वडशाच्या एका राईस मिलवाल्याची जुनी गाडी विकायची होती, सात जणांची. तेवढ्याच पैशांत चंद्रपूरच्या शोरूममधून नवी मिळत होती, पण पाच जणांची.

जुनी गाडी बघायला हेमराजने बापाला बरोबर नेले. मनसाराम सरळ मागच्या सीटवर जाऊन बसला. गुडघे छातीला लागत होते, सीटच्या फटीत तांदळाचे दाणे अडकलेले होते, पण बाजूला खिडकी होती. मार्कंड्याच्या जत्रेला अन्नपूर्णा दरवर्षी एसटीत उभी राहून गेली. खिडकीची जागा कधी मिळाली नाही. "एकडाव तरी खिडकीपाशी बसून मार्कंड्याले जाईन मी," असे ती दर जत्रेहून आल्यावर पाय दाबत म्हणायची. ती गेली तशी इच्छाही गेली. पण निदान आपण तिच्यासाठी तसे बसून जावे, देवाला तिच्या वाटचा नमस्कार करावा, एवढेच मनसारामच्या मनात होते. त्यापलीकडे त्याला गाडीचे काही कौतुक नव्हते.

"मले हेच बरी वाटते," तो घरी येऊन म्हणाला.

"काऊन?" सुनेने, दीपालीने विचारले.

खरे कारण सांगायला त्याची जीभ रेटली नाही. म्हातारा हवा खायला निघाला, असे म्हणतील याची त्याला भीती. "बसाले जागा जास्त आहे," तो म्हणाला.

घरात माणसे चारच. हेमराज, दीपाली, सात वर्षांची दिव्यानी आणि मनसाराम. पण दीपालीचे आईबाप वडशाला होते, आणि ते बरोबर असल्याशिवाय या घरातून कोणी कुठे हलत नसे. म्हणजे सहा. चौथी शिकलेल्या मनसारामला हा हिशेब येत होता, तर बारावी झालेल्या हेमराजला येत नसेल असे थोडेच आहे?

"मामाजी, तुम्हाले लोकाईचं काही आहे का?" दीपाली सासऱ्याला म्हणाली. "सासू वाघानं खाल्ली अन् हे सेकंड हॅन्डमंधी फिरून राह्यले, असंच म्हणतीन ना सारे!"

त्यावर विहीणबाईंनी, प्रेमिलाबाईंनी, शेवटचा खिळा ठोकला. ही बाई समोरच्याला तोंड उघडायला जागा ठेवत नसे. "तेरवीले मेलेल्याच्या नावानं काय देतेत?" त्यांनी विचारले. "धोतर देतेत, लुगडं देतेत, गडवा देतेत. सारं कोरंच देतेत ना? कोनाचं वापरलेलं देतेत का? मंग त्या माऊलीच्या नावाची गाडी दुसऱ्याची वापरलेली कशी चालन? तिचा आत्मा तळमळन, भाऊ."

तेरवीत कोरेच देतात, हे खरेच होते. अन्नपूर्णाच्या तेरवीला त्याने स्वतःच वडशाहून कोरे लुगडे आणले होते, आणि ती जिवंत असताना तसले एकही तिच्या अंगाला लागले नव्हते. तिचा आत्मा तळमळेल, या एका वाक्याने त्याचे सगळे म्हणणे तिथेच संपले. चार दिवसांनी बँकेत हेमराजने कागदावर बोट ठेवले, "इथी करा, बाबा," आणि मनसारामने तिथे सही केली.

पाडव्याला गाडी दारात आली. पांढरी, सीटांवर प्लॅस्टिक तसेच. मागच्या काचेवर चकाकत्या अक्षरांत लिहून घेतले होते, 'आईचा आशीर्वाद'. चाकाखाली लिंबू फोडले, नारळ फोडला, पेढे वाटले. पहिली फेरी मार्कंड्याची ठरली. ते ऐकून मनसारामने नदीवर जाऊन अंघोळ केली, ठेवणीतले धोतर नेसले आणि पायरीवर येऊन बसला. मनातली आशा काही मेली नव्हती. दिव्यानी लहान आहे, कोणाच्याही मांडीवर बसेल, असे तो धरून चालला होता.

हेमराज स्टिअरिंगवर बसला, सासरा त्याच्या शेजारी. मागे प्रेमिलाबाई, दीपाली आणि खिडकीशी दिव्यानी.

"दिव्यानीले मांडीवर घेतलं असतं तं..." मनसाराम उठून म्हणाला.

"नवीन सीट आहे, बाबा. दाटी झाली का प्लॅस्टिक फाटते," हेमराज म्हणाला. "अन् घरीबी कोनी पायजे ना."

"घरी बसून तरी काय करान, मामाजी?" दीपालीने काच खाली करून सांगितले. "मोहा पडून राह्यला. दोन वर्सं झाली, सारे शेजारीच वेचून नेतेत. टोपली काढून ठेवली मी."

टोपली खरोखरच ओसरीवर होती, धूळ झटकून, पुसून. मनसारामने मुलाकडे पाहिले. तेरवीला एवढे बोलला होता, आता काही तरी बोलेल. हेमराजने आरसा नीट केला आणि गाडी काढली.

मनसाराम धोतर बदलून टोपली घेऊन निघाला. राग होता, आणि रागापेक्षा अपमान जास्त होता. आपल्याला कोणी थांबवले नाही, ही गोष्ट त्याला गिळता येत नव्हती. झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. तो ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर काटा आला. दर चार फुलांनी तो मागे वळून पाही. अन्नपूर्णाने एकदा तरी वळून पाहिले असेल का, हा विचार आला तेव्हा तो खाली बसला आणि मोठ्याने रडला. ऐकायला तिथे कोणी नव्हते. मग डोळे पुसून त्याने टोपली भरली आणि घरी आला.

दिवस मावळताना गाडी परतली. मनसाराम अंगणात फुले वाळायला पसरत होता. हेमराज उतरला, त्याला पाहून क्षणभर थबकला आणि म्हणाला, "आले का तुमी?"

दिव्यानी हातात मार्कंड्याहून आणलेली पिपाणी घेऊन पळत आली. तिचा चेहरा मात्र पडला होता.

"आबाजी, वाघ नाई आला का?"

"नाई, माय."

"मंग आपली सात सीटर कशी येईन? बाबा म्हणे, आजीले वाघानं नेलं तं पाच सीटर आली, आबाजीले नेलं का सात सीटर येते. सारे हासले."

प्रेमिलाबाई घाईने घरात गेल्या. "लेकरू आहे, काईबी बोलते," दीपाली म्हणाली. हेमराजने खिशातून फडके काढले आणि मागची काच पुसू लागला.

मनसारामने त्याच्या पाठीकडे पाहिले. या मुलाला त्या दोघांनी मोहफुले विकून शिकवले होते. एवढी वर्षे जपलेले काही तरी आतून तुटले, ते त्याला चांगले कळले. त्याने दिव्यानीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचा काय दोष होता?

"उद्या पायतो, माय," तो म्हणाला, आणि रिकामी टोपली माळ्यावर न टाकता दाराशीच ठेवली.