भीमाबाईला गोळ्या कुणी दिल्या

मी कशाची डॉक्टर आहे, हे नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत अजून कुणालाही धड सांगता येत नाही. 'हाडाची' म्हणतात. हाडाची नाही म्हटलं की विचारतात, मग ऑपरेशन करत नाही का? नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. एवढी वर्षं शिकून पोरीला साधं ऑपरेशन येत नाही, हे त्यांना पटत नाही. मी संधिवाताची डॉक्टर आहे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, तो आजार मी बघते. एमबीबीएस, मग गडचिरोलीत सरकारी सेवेच्या बंधपत्राचं वर्ष, मग एमडी, मग हैदराबादला तीन वर्षं डीएम, आणि मधल्या प्रवेश परीक्षांत गेलेली दोन वर्षं. तरुणपण त्यातच संपलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे.

माझी आई भीमाबाई साड्यांना फॉल लावायची. मी कॉलेजात असताना तिची बोटं सकाळी सुजायला लागली. सुई धरायला दहा वाजायचे, मग अकरा. तिच्या बोटांसाठी मी हा विषय निवडला असं मी हैदराबादच्या मुलाखतीत सांगितलं, आणि ते खरं होतं. समोरचे तिन्ही प्राध्यापक हेलावले. एकाने विचारलं, आता कशा आहेत त्या? बऱ्या आहेत सर, मी म्हणाले. फोनवर ती तेच सांगायची आणि मला तेच ऐकायचं असायचं.

दोन वर्षांपूर्वी कायमची परत आले तेव्हा तिला पहिल्यांदा डॉक्टरच्या नजरेने पाहिलं. चेहरा गोल गरगरीत, हातापायांच्या काड्या, कातडीवर निळे डाग, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षानुवर्षं स्टिरॉइड खाल्लेला माणूस असा दिसतो. असा पेशंट मी परीक्षेत पाच मिनिटांत ओळखला होता. घरच्या सुट्टीत मात्र तोच चेहरा दरवर्षी बघायची आणि आई सुखाने भरली असं समजून गाडीत बसायची. शिकवलेलं सगळं उंबऱ्याबाहेर ठेवून घरात शिरायची मी.

"कोणाची पुडी खात होती?" मी विचारलं होतं.

"कोनाची नाई वं. बाम चोपडतो फक्त."

आमच्याकडे सांधेदुखीवर पुडी मिळते. पुडीत कुटलेली स्टिरॉइडची गोळी असते. दोन दिवसांत माणूस चालायला लागतो, आणि काही वर्षांत त्याची हाडं आतून पोखरून निघतात. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या दर तिसऱ्या बाईच्या पिशवीत ती पुडी असते. मी आईला योग्य औषधं सुरू केली आणि उठता-बसता पुडीवाल्यांच्या नावाने खडे फोडत राहिले. ज्याने माझ्या आईचं हे केलं तो हाती लागू दे, त्याला तुरुंगात घालीन, असं मी वरण-भाताच्या ताटावर कितीदा म्हणाले असेन. आई खाली मान घालून जेवायची.

गेल्या महिन्यात तिचा उजवा खुबा बसला. स्टिरॉइडने आतलं हाड मेलं होतं. खुबा बदलायचं ठरलं, तिला मोठ्या दवाखान्यात भरती केलं, शनिवारी ऑपरेशन. गुरुवारी रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा कळलं, ती अजूनही कुठलंतरी स्टिरॉइड घेत होती. भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेतलं. नेमकं काय, किती आणि किती वर्षं, हे मला सांगा, त्या म्हणाल्या, अंदाजाने काम केलं तर टेबलावर रक्तदाब कोसळू शकतो. मी आईपुढे हात जोडले. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मले आठवत नाई."

म्हणून शुक्रवारी सकाळी मी शहराच्या टोकाला वाडीला नत्थूजीकडे गेले. गाडी माझा धाकटा भाऊ अंकुश चालवत होता. नत्थूजीची पुडी आमच्या भागात सर्वांत नावाजलेली. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमागे एक खोली, बाहेर बाकावर हमाल आणि ड्रायव्हर गुडघे चोळत बसलेले. मी त्या सगळ्यांदेखत त्याला वाटेल ते बोलले. खुनी म्हणाले. म्हातारा पुड्या बांधत राहिला. माझा दम संपल्यावर बोलला.

"मॅडम, माह्या पुडीत काय असते ते मले मालूम हाय. मी काई साधू नाई. पन तुमची माय माह्याकडची पुडी खात नाई."

"खोटं बोलू नका."

"नंदनवनची भीमाबाई ना, फॉलवाली? पोरगी डॉक्टर? एकडाव आली होती, शेजारनीसंगं. मी पुडी देली तं वापस केली. म्हने, मी माह्या पोरीनं लिहून देलेलंच खातो. दुसऱ्याचं मले चालत नाई."

"ते आता. दोन वर्षांपासून मी तिला औषध देते."

"आता नाई, मॅडम. करोनाच्या बी पयले."

तेव्हा मी हैदराबादला होते. बाकावरचे लोक माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, म्हातारा आपली कातडी वाचवतोय, आणि पोलिसांना बोलवायचं म्हणून मी फोन काढला. अंकुशने माझा दंड धरला आणि मला गाडीत आणून बसवलं. गाडी सुरू केली नाही.

"ताई, कोनाले फोन करू नको," तो म्हणाला. "मीच आनून देतो तिले गोळ्या. दर महिन्याले. मेडिकलवाला चिठ्ठी पाहून देते."

"कुणाची चिठ्ठी?"

त्याने पाकिटातून एक कागद काढला. जाड प्लास्टिकमध्ये बंद केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. प्रेडनिसोलोन, म्हणजे तेच स्टिरॉइड, दहा मिलिग्रॅम, रोज एक, दहा दिवस. मार्च दोन हजार दहा. खाली सही होती, आणि सहीआधी 'डॉ.' लावलेलं होतं. अक्षर माझं होतं.

मी तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. औषधशास्त्रात वर्गात दुसरी आले होते. आईला सुई धरवत नव्हती आणि हातातली मोठी ऑर्डर लग्नाची होती. मेडिसिनच्या ओपीडीत सर काय लिहितात ते मी पाहिलं होतं, तेच लिहिलं. मला चिठ्ठी लिहायचा हक्क नव्हता. नावाआधी डॉ. लावायला अजून तीन वर्षं होती. पण आई समोर बसली होती आणि मला ते लिहून बघायचं होतं. आमच्या घराण्यातली ती पहिली डॉक्टरची चिठ्ठी. मी लिहिली, हॉस्टेलवर गेले आणि विसरले.

"दहा दिवस लिहिलंय ना रे," मी म्हणाले. "तुला वाचता येत नव्हतं?"

"येत होतं. तिले सांगितलं बी. तिनं शपथ घातली. ताई, तू घरी यायची चार दिवस. बाकीचे दिवस तिचे हात मी पाहत होतो." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "गोळी बंद केली का ती उठत नव्हती. तुले फोन करतो म्हनलं तं म्हने, तिची परीक्षा हाय. तुही कधी परीक्षा नव्हती सांग मले."

आम्ही दवाखान्यात परतलो तेव्हा आई उशाला टेकून बसली होती. मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने आधी अंकुशकडे रागाने पाहिलं.

"दोन दिवसांत हात मोकळे झाले वं," ती म्हणाली. "अख्खी ऑर्डर पुरी केली म्या. मंग बंद काहून करू? बाकीच्या बाया पुड्या खात, मी म्हनो, माह्या घरी डॉक्टर हाय. म्हनून तं प्लास्टिक चढवलं त्याले."

"मी आल्यावर तरी सांगायचं. मी विचारत होते ना?"

"तू म्हनत होती, ज्यानं देलं त्याले जेलात घालतो." ती वाकड्या बोटांनी चादरीची चूण सारखी करायला लागली. "मी कोनाचं नाव सांगू? एवढं शिकली तू. तुह्या शिक्षनाले बट्टा नाई लागू देत मी."

मला तिचा भयंकर राग आला. नंतर कळलं की तो तिचा नव्हता, पण मला त्या वेळी दुसऱ्या कुणावर काढता येत नव्हता. मी तिला म्हणाले, तू अडाणी ती अडाणीच राहिलीस. चौदा वर्षांत मी तिला दिलेलं हे दुसरं चुकीचं औषध. तेही तिने मुकाट्याने घेतलं.

मी बाहेर काउंटरवर गेले. सिस्टरने ऑपरेशनआधीचा फॉर्म पुढे केला. सध्या चालू असलेली औषधं, मात्रा, कालावधी. मी भरत गेले. प्रेडनिसोलोन, दहा मिलिग्रॅम, रोज, चौदा वर्षं. शेवटचा रकाना होता, औषध कुणी सुरू केलं. मी तिथे माझं नाव लिहिलं.

सिस्टरने फॉर्म वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, इथे तुमचं नाव नको. ज्यांनी हा आजार एवढा वाढवून ठेवला ना, त्या आधीच्या डॉक्टरचं पाहिजे."

"ती मीच आहे," मी म्हणाले. तिला ते खरं वाटेना, म्हणून मी प्लास्टिकमधली चिठ्ठी काढून फॉर्मला जोडायला दिली.