खडीची गाडी धरायची का?

पूर्णा जंक्शनच्या मागं रेल्वेची क्वार्टरं आहेत. त्यातल्या एका गच्चीवर राजेश्री सकाळपासून छत्री धरून उभी होती. छत्री तिच्यासाठी नव्हती, मोबाईलसाठी होती! मोबाईल रिबिनीनं काठीला बांधलेला, समोर रिकामे रूळ आणि लाल सिग्नल. तो लाल आता डोळे मिटले तरी दिसत होता.

‘रुळावरची पोरं’ हा त्यांचा ऑनलाइन ग्रुप. नावात पोरं, पण आत रिटायर गार्डापासून कॉलेजवाल्यांपर्यंत सगळे, आणि पोरगी एकटी राजेश्री. कुठल्या गाडीला कुठलं इंजिन लागलं, कुणाचा भोंगा कसा, यावर ही माणसं जेवण विसरून भांडत. नदीकाठची गावं पाण्यात गेली तेव्हा मदतीची टूम तिनंच काढली. रविवारी दिवसभर जंक्शनवरून लाइव्ह करायचं. जितक्या गाड्या जातील, तितक्या वेळा प्रत्येकानं आपण ठरवलेली रक्कम मदतीला टाकायची.

पहिलं धान्य जाणार होतं तिच्या वर्गातल्या ज्ञानेश्वरीच्या घरी. तिच्याकडची वर्षाची ज्वारी पाण्यात सडली होती. मंगळवारी मुकादमाचा ट्रक येणार आणि आईबाप ऊसतोडीला जाताना तिलाही घेऊन जाणार. घरात दाणे असते तर ती चुलतीजवळ राहून दहावी करणार होती.

आणि शनिवारी पुन्हा पाऊस झाला. पुलापलीकडं रुळाखालची खडी वाहून गेली, गाड्या बंद! ज्या पुरासाठी गाड्या मोजायच्या, त्यानंच गाड्या अडवल्या. एवढ्या गाडीवेड्यांतल्या एकालाही हे आधी सुचलं नव्हतं.

“फलाटावर काहीतरी हाललं,” पुण्याहून सुग्रीवनं लिहिलं.

“कुत्रं हाय.”

“वेळापत्रकात आहे का ते?”

सकाळी याच्यावर ती पोट धरून हसली असती. आता नुसता अंगठा पाठवला.

आई वर आली. “राजे, ताट झाकून ठेवलंय. तुझ्या छत्रीला बघून गाडी येणार हाय का?”

“बंद करून चालत न्हाई, मम्मी. परवा ट्रक येणार हाय ज्ञानूच्या गावात.”

आईनं छत्री आपल्या हातात घेतली आणि भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. “तुझा बाप कालपासून तिकडं खडी टाकायलाय, तू इथं उभी. एकाला झाकावं तर दुसरं उघडं.”

राजेश्रीचे पप्पा, बजरंग, ट्रॅकमन होते. त्यांचा फोन दुपारपासून लागत नव्हता. बघणारे एकेक करून गळाले. आईही धुणं काढायला खाली गेली.

दिवस कलायला लागला आणि सिग्नल पिवळा झाला. आधी तिला डोळ्यांचा भास वाटला. मग भोंगा आला.

“आलीऽऽ!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की फलाटावरचं कुत्रं उठून बसलं.

एक इंजिन आणि त्याच्यामागं खडीच्या रिकाम्या वाघिणी. वर चिखलानं माखलेली माणसं. झोपलेला ग्रुप खाडकन जागा झाला.

“ही खडीची गाडी आहे. धरायची नाही.”

“मालगाडी धरायची असं ठरलं होतं.”

“ही मालगाडी कुठाय? कामाची गाडी आहे. हिला नंबरच नाही!”

“आधी इंजिनाचा नंबर बघा रे कुणीतरी.”

राजेश्रीनं मोबाईल शेवटच्या वाघिणीकडं वळवला. तिथं एक माणूस पत्र्याला टेकून, हेल्मेट मांडीत घेऊन, तोंड उघडं टाकून झोपला होता.

“ते दिसलेत ना,” ती म्हणाली. “ते माझे पप्पा हायेत. धरा न्हाईतर नका धरू. माझा हात लय दुखायलाय.”

मग सेलूच्या किशनराव काकांचा मेसेज आला. जन्मभर गार्ड राहिलेला माणूस. ग्रुपात त्यांचा शब्द शेवटचा.

“सिग्नल कुणाला दिला होता?”

“हिला.”

“मग ती गाडी आहे. आणि हिच्यामुळं रात्रीतून ज्या सुटतील, त्या पण धरा. आता त्या पोरीला बसू द्या.”

पैसे आले, पण एका गाडीचेच. तिनं ज्ञानेश्वरीला फोन लावला.

“एक पोतं होईल, ज्ञानू. पुढचं गाड्या सुटल्यावर.”

पलीकडं तिची बापाशी कुजबुज झाली. “दादा म्हणायलेत, ह्या ट्रकात मला नेत न्हाईत. पोतं पुरंल तवर ऱ्हा म्हणायलेत.”

“तवर म्हणजे?”

“तवर म्हणजे तवर. तू जेवलीस का?”

राजेश्री खाली आली. पप्पा बुटांसकट खाटेवर आडवे झाले होते आणि आई त्यांच्या बुटांची नाडी सोडत होती. राजेश्री त्यांच्या पायाशी जमिनीवरच लवंडली.

दिवेलागणीला जंक्शनवर भोंगा वाजला. लांब, दमदार, पॅसेंजरचा. कुठलं इंजिन असेल, हे धावत जाऊन बघावं असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटलं नाही. पडल्यापडल्याच तिनं ग्रुपवर लिहिलं, “दुसरी.”